अद्भुताचे वतन कोणाचे?

दलित लेखकाने अद्भुत कादंबरी लिहावी काय, हा प्रश्न आपल्या साहित्यचर्चेत फारसा कधी उपस्थित झाला नाही. तो उपस्थित करण्याची गरजही कोणाला वाटली नाही. आपल्या साहित्याची प्रतिज्ञाच सत्याची होती. बाबुराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३), नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२), दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या पुस्तकांनी मराठी वाचकाला हादरा दिला तो 'हे असे आहे आणि आम्ही ते भोगले आहे' एवढ्या एका विधानाच्या बळावर. त्या विधानापुढे मंतरलेली तळी, बोलणारे डोंगर, कधी अस्तित्वातच नसलेली राज्ये हा पोरखेळ वाटावा, हे स्वाभाविकच आहे.

गेली पाच वर्षे मी अशी एक कादंबरी लिहितो आहे. ती माझी पहिलीच कादंबरी. पेशाने मी शाळामास्तर. वह्या तपासून झाल्यावर जो वेळ उरतो त्यात हे लेखन चालते. कादंबरी अजून अपुरी आहे आणि तिची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. परंतु लिहिताना ज्या अडचणी समोर आल्या त्या माझ्या एकट्याच्या कुवतीच्या अडचणी आहेत असे मला वाटत नाही. मराठीत अद्भुत म्हणून जे काही साठले आहे त्याच्या मुळाशी त्या अडचणी आहेत. म्हणून त्यांची चर्चा समीक्षेच्या पातळीवर व्हावी, असे वाटते.

पहिला अडथळा घरचाच आहे. कादंबरीचे एक प्रकरण वाचून एका संपादकांनी विचारले, "आपले जगणे लिहून संपले काय, की तुम्ही परीकथा लिहायला निघालात?" चळवळीतल्या एका जुन्या सहकाऱ्याने सरळ 'पलायनवाद' हा शब्द वापरला. या आक्षेपाला मराठी कादंबरीचा इतिहास आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) हिंदू विधवांच्या दुःखावर उभी होती. तिच्यानंतर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१), रिसबुडांची 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुतरम्य कादंबऱ्या आल्या, आणि राजपुत्र, राजकन्या व चमत्कार यांत मराठी कादंबरी रमली. पुढे हरिभाऊ आपट्यांनी तिला पुन्हा माणसांच्या घरात आणले. तेव्हापासून आपल्याकडे एक वाटणी पक्की झाली आहे: वास्तव म्हणजे पुरोगामी आणि अद्भुत म्हणजे पळवाट. दलित साहित्याने प्रस्थापितांच्या जवळपास सर्व वाङ्मयीन समजुती नाकारल्या. ही एक समजूत मात्र तपासल्याशिवाय स्वीकारली.

ती तपासायची तर महाडला जावे लागेल. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे 'शुद्ध' केले. शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या. माणसाने ओंजळ बुडवली की पाणी बदलते आणि जनावराचे मूत्र ओतले की ते पूर्ववत होते, हा नियम कोणत्या शास्त्रातला? रसायनशास्त्रात तो सापडणार नाही. तो शुद्ध मंत्रतंत्राचा नियम आहे. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू कसा असे, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त (१९३६) नोंदवले आहे. थुंकी जमिनीवर पडली, पाऊल धुळीत उमटले, सावली अंगावर पडली की काहीतरी अदृश्य घडते, असे मानणारा समाज हा अद्भुतकथेतलाच समाज आहे. फरक एवढाच की ही कथा कोणी कथा म्हणून सांगितली नाही. ती कायदा म्हणून, धर्म म्हणून, पाणवठ्याचा नियम म्हणून चालवली गेली. त्याच पुस्तकात बाबासाहेब सांगतात की जात ही विटांची भिंत नाही, ती मनातली धारणा आहे. म्हणजे ती एक कल्पना आहे. ज्या कल्पनेने कोट्यवधी माणसांना गावाबाहेर ठेवले, तिच्याशी लढताना कल्पनाशक्तीचे क्षेत्र आपण शत्रूच्या ताब्यात का सोडावे?

हा युक्तिवाद मनाशी पक्का करून लिहायला बसले तरी खरी झटापट पुढेच असते. अद्भुत कादंबरीत लेखकाला सारे काही नवे निर्माण करता येते, असा समज आहे. प्रत्यक्षात लेखणी उचलताच ध्यानात येते की या भाषेत अद्भुताची सगळी जमीन आधीच कोणाच्या ना कोणाच्या नावावर चढलेली आहे. साधे शब्द घ्या: राक्षस, शाप, वर, तप, मंत्र. 'शाप' लिहिले की शाप देण्याचा अधिकार असणारा ऋषी आलाच. 'तप' लिहिले की शंबूक आठवतो. तेच तप त्याने केले म्हणून त्याचे मस्तक उडवले गेले. 'मंत्र' लिहिला की तो ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेला रस ओतणारी धर्मसूत्रे उभी राहतात. पुराणातली जादू ही कौशल्याची गोष्ट नाही, अधिकाराची गोष्ट आहे, आणि तो अधिकार जन्माने ठरलेला आहे. ते एक वतनच आहे. 'राक्षस' या शब्दाचा तर विचारच करवत नाही. जंगलात राहणारा, यज्ञ न मानणारा, वेगळे खाणारा, काळा माणूस या एका शब्दात मारून टाकता येतो आणि मारणाराला पाप लागत नाही.

म्हणून माझ्या कादंबरीची पहिली दोन वर्षे कथानकात गेली नाहीत, शब्दांत गेली. जादूला काय म्हणावे? ती कोणाला येते? ती शिकता येते की रक्तातून उतरते? शिकता येत असेल तर शाळेच्या दारावर कोण उभा आहे? हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. पण त्यांच्या उत्तरात त्या जगाची सगळी समाजरचना दडलेली असते.

हा प्रश्न फक्त मराठीचा आहे असेही नाही. अर्सुला ले गुइन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ साली आली. समुद्रात विखुरलेली बेटे, प्रत्येक वस्तूला एक खरे नाव, आणि ते नाव ज्याला ठाऊक त्याच्या हाती त्या वस्तूची सत्ता, अशी तिची मांडणी. तिचा नायक गेड हा एका कासाराचा शेळ्या राखणारा पोरगा. त्याचा रंग तांबूस तपकिरी आहे आणि त्या जगातले बहुतेक लोक गोरे नाहीत. लेखिकेने हे जाणीवपूर्वक केले. तरीही प्रकाशकांनी मुखपृष्ठांवर तो गोरा रंगवला, आणि २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेतही तो गोराच दाखवला. ले गुइन यांनी त्याचा जाहीर निषेध केला. पुस्तकात जे बदलले होते ते बाजाराने पुन्हा जागेवर आणले. पण याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. गेड ज्या जादूच्या विद्यापीठात शिकतो तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. पहिल्या तीन पुस्तकांत हे गृहीतच धरले गेले. १९९० मध्ये आलेल्या 'तेहानू' या चौथ्या पुस्तकात लेखिकेने स्वतः निर्मिलेल्या त्या जगालाच विचारले की बायका बाहेर का? बावीस वर्षांनी हा प्रश्न आला. एवढ्या समर्थ लेखिकेच्या बाबतीत हे घडते, कारण कल्पित जग रचताना आपण जुन्या जगाचे नियम नकळत बरोबर नेतो. पहिली अद्भुत कादंबरी लिहिणाराने हे उदाहरण टेबलावर समोर ठेवावे.

शब्दांनंतर नायकाचा प्रश्न येतो. अद्भुत कथेचा सर्वांत आवडता नायक कोण? हरवलेला राजपुत्र. गोरगरिबांत वाढलेला, कोणी न ओळखलेला, आणि शेवटी रक्ताची खूण पटून सिंहासनावर बसणारा. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) अरागॉर्न रानावनात भटकतो, पण तो मुळात राजवंशाचा वारस आहे. तिसऱ्या खंडाचे नावच राजाच्या पुनरागमनाचे आहे. आपल्याकडे याचे सर्वांत लाडके रूप म्हणजे कर्ण. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाईंची 'राधेय' (१९७३) यांवर मराठी मध्यमवर्गाने अपार माया केली. सूतपुत्र म्हणून झालेला कर्णाचा अपमान वाचून वाचकाचे डोळे भरून येतात. पण ते कशासाठी भरतात, हे एकदा विचारून पाहावे. कर्ण खरोखरच सूताच्या पोटी जन्मला असता, कुंती आणि सूर्य कथेत नसते, तर तो अपमान अन्याय वाटला असता काय? वाचकाची वेदना ही आहे की एका क्षत्रियाला चुकून सूत मानले गेले. अधिरथ आणि राधा यांना रोज सूत म्हणून जे जगावे लागते, त्यासाठी कोणी रडत नाही. कवचकुंडले हे जन्माचे प्रमाणपत्रच आहे. ही सहानुभूती वर्णव्यवस्थेला धक्का लावत नाही, तिची बाजू घट्ट करते.

आजच्या इंग्रजीतून येणाऱ्या भारतीय अद्भुत कादंबऱ्यांकडे पाहिले तरी चित्र फारसे वेगळे नाही. अमीश यांच्या 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा'मध्ये (२०१०) एक आदर्श राज्य आहे. तेथे सर्व मुले जन्मताच आयांपासून दूर एका नगरात ठेवली जातात, पुढे त्यांची परीक्षा होते आणि गुणांनुसार त्यांना वर्ण वाटून दिला जातो. मुलाला आईपासून तोडणारे राज्य या कल्पनाशक्तीला सुचले. चार वर्णच नसलेले राज्य तिला सुचले नाही. गुणकर्मावर आधारलेल्या चातुर्वर्ण्याचा हा आर्यसमाजी युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ साली तुकड्या-तुकड्याने मोडून काढला होता. तो आता रंजक कथेच्या वेषात परत आला आहे, आणि आपली मुले तो वाचत आहेत.

माझ्या वर्गातली, वस्तीतली मुले हॅरी पॉटर वाचतात. मेलुहा मराठीत वाचतात. त्यांना त्यात गोडी वाटते आणि त्यांच्या गोडीला मी नावे ठेवणार नाही. पॉटरच्या गोष्टीत शुद्ध रक्ताचा माज करणारे जादूगार दुष्ट ठरतात, हे मुलांना लगेच उमगते. समजावून सांगावे लागत नाही. पण त्याच गोष्टीत घरकाम करणारी एक गुलाम जमात आहे. तिला आपली गुलामी आवडते, आणि तिच्या मुक्तीसाठी बिल्ले वाटणारी मुलगी विनोदाचा विषय होते. हेही मुले वाचतात. त्यांच्या हातात दुसरे काय द्यायचे, हा प्रश्न म्हणून माझ्या दृष्टीने केवळ वाङ्मयीन नाही. आत्मकथनाने त्यांना त्यांचा भूतकाळ दिला. त्यांच्या स्वप्नांचा साठा मात्र अजून दुसऱ्याच्या कोठारातून येतो.

तिसरी झटापट खलपक्षाची. टॉल्किनच्या जगात ऑर्क नावाची एक जातच दुष्ट आहे. जन्मलेला प्रत्येक ऑर्क मारण्यायोग्य. हे स्वतः टॉल्किनना उत्तरायुष्यात टोचत राहिले आणि एक संपूर्ण वंश उद्धाराच्या पलीकडे कसा असू शकतो, याचे उत्तर ते अखेरपर्यंत शोधत होते. ऑर्क काय आणि राक्षस काय, गणित एकच. यावर सोपा उपाय असा सुचतो की पारडे उलटे करावे: असुर सज्जन, देव दुर्जन. हा उपाय मला पुरेसा वाटत नाही. नावे बदलली तरी दुष्टपणा जन्मावरच राहतो.

येथे जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' (१८७३) नीट वाचायला हवी. धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादातून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन या अवतारांची जी चिरफाड होते ती केवळ पारडे उलटे करणारी नाही. मत्स्य म्हणजे मासा नव्हे, पाण्यातून नावांनी आलेली टोळी. वामन म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणारा देव नव्हे, बळीचे राज्य कपटाने घेणारा सरदार. खंडोबा, म्हसोबा हे बळीच्या राज्याचे अधिकारी. जोतीराव चमत्काराच्या पोटात हात घालून सत्ता बाहेर काढतात. त्यांच्या व्युत्पत्त्या भाषाशास्त्राला पटोत वा न पटोत. मला त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. प्रत्येक चमत्काराला त्यांनी विचारले, याने कोणाची जमीन गेली? अद्भुत कादंबरी लिहिणाराला याहून चांगला गुरू मराठीत नाही. एक भेद मात्र लक्षात ठेवायला हवा. जोतीराव चमत्कार विरघळवून इतिहास उरवतात. कादंबरीकाराला चमत्कार उभा ठेवूनच त्याच्यातली सत्ता दाखवायची असते.

'गुलामगिरी' जोतीरावांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. त्या गुलामांच्या वंशजांनी हे काम कसे केले, ते पाहण्यासारखे आहे. १९७९ या एकाच वर्षी दोन कृष्णवर्णी लेखकांची दोन पुस्तके आली. सॅम्युएल डिलेनी यांच्या 'टेल्स ऑफ नेव्हेरियॉन'मध्ये तलवारबहाद्दरांच्या स्वस्त साहसकथांचा साचा घेतला आहे, पण नायक गॉर्गिक हा खाणीतला गुलाम आहे, गुलामगिरीविरुद्ध उठणारा. त्याच्या गळ्यातला लोखंडी पट्टा हीच त्या कथांची मध्यवर्ती वस्तू आहे, सिंहासन नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड'मध्ये १९७६ च्या कॅलिफोर्नियातली डेना ही कृष्णवर्णी तरुणी वारंवार एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलंडमधल्या गुलामांच्या मळ्यावर ओढली जाते. कसे, याचे कोणतेही यंत्र किंवा स्पष्टीकरण बटलर देत नाहीत. ओढली जाते, एवढेच. ज्या गोऱ्या मालकाला तिला जगवावे लागते तो तिचाच पूर्वज आहे. तो मेला तर ती जन्मणारच नाही. शेवटच्या परतीत तिचा एक हात भूतकाळातच राहून जातो. या पुस्तकासाठी बटलर मेरीलंडला गेल्या, जुन्या नोंदी धुंडाळल्या. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जतन केलेल्या घरी वाटाडे गुलामांना 'नोकर' म्हणत होते, हे त्यांनी पुढे सांगितले आहे. आपल्या गावगाड्याच्या वर्णनात 'सेवा' आणि 'बलुतेदारी' हे शब्द ज्या सहजतेने येतात ते येथे आठवल्याशिवाय राहत नाही. बटलरचे अद्भुत हे सुटकेचे दार नाही. उलट ते वाचकाला पकडून तेथे नेते जेथे जायचे तो टाळतो. पलायनवादाचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावे.

आता आपल्याच अंगणातली सर्वांत अवघड गोष्ट. पुराणांचे अद्भुत नाकारले तर आपले काय उरते? उरते ते पुष्कळ आहे. मरीआई, म्हसोबा, लक्ष्मीआई, बाळाच्या कपाळावर नशीब लिहिणारी सटवाई, पोतराजाचा कोरडा, वेताळाची पालखी, जात्यावरच्या ओव्या, तमाशातले वग. आपल्या आज्यांच्या तोंडी हे सगळे जिवंत होते. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण धम्म स्वीकारला, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरोघरचे देव नदीत सोडले. मरीआईचा गाडा ओढणे, पोतराजाने स्वतःला फोडून घेणे, मुली देवाला सोडणे यांतून आपण मोठ्या कष्टाने बाहेर आलो. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २०१३ साली पुण्यात हत्या झाली, हे ज्या राज्यात घडते तेथे कार्यकर्त्याने कादंबरीत का होईना, मरीआई पुन्हा आणावी काय?

या प्रश्नावर मी फार अडखळलो नाही, कारण त्याचे उत्तर बौद्ध परंपरेतच आहे. पाली जातककथा पाचशेहून अधिक आहेत. त्यांत माकडे, हत्ती, हरणे बोलतात. त्या ऐकून कोणी माकडाची पूजा सुरू केली नाही. कथा ऐकणे ही एक गोष्ट, कथेपुढे नारळ फोडणे ही दुसरी. अंधश्रद्धेला तिचा चमत्कार खरा मानायला लावायचा असतो आणि त्याबदल्यात काही वसूल करायचे असते. कादंबरी पहिल्या पानावरच सांगते की हे रचलेले आहे. जी गोष्ट रचलेली आहे असे कळते ती मोडताही येते, हे वाचकाला शिकवणे हे विवेकाचेच काम आहे. अण्णा भाऊ साठ्यांनी १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात शेषनागाची जुनी प्रतिमा उचलली आणि पृथ्वीचा भार नागाच्या मस्तकावरून काढून कष्टकऱ्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी प्रतिमा फेकून दिली नाही. तिच्यातला भार वाहणारा बदलला.

भाषेचा प्रश्नही जातकानेच मला उलगडून दाखवला. चित्तसंभूत जातकात दोन चांडाळ भाऊ उज्जैनीच्या वेशीबाहेर आपली कला दाखवत असतात. त्यांचे दर्शन अशुभ म्हणून त्यांना मारहाण होते. तेव्हा ते जात लपवून तक्षशिलेला शिकायला जातात. तेथे एके दिवशी जेवणात गरम घासाने एकाचे तोंड भाजते आणि तो आपल्या बोलीत ओरडतो. दुसरा त्याच बोलीत उत्तर देतो. बोलीमुळे जात उघडी पडते आणि दोघांना हाकलले जाते. बागुलांच्या कथेची ही दोन हजार वर्षांपूर्वीची आजी म्हणावी लागेल. मराठी कादंबरीत निवेदन प्रमाण भाषेत आणि गरिबांचे संवाद बोलीत, अशी पंगत मांडलेली असते. निवेदक ताटावर बसतो, पात्रे पंक्तीबाहेर. पण कल्पित देशात पुणे कोठे आहे? तेथे प्रमाण कोणी ठरवले? हा एक प्रश्न विचारला की अद्भुत कादंबरी दलित लेखकाला असे स्वातंत्र्य देते जे वास्तववादाने दिले नव्हते. तेथे येसकराची भाषा हीच राजभाषा असू शकते, आणि दरबारी संस्कृतप्रचुर बोलणे हीच एका मूठभर टोळीची विचित्र बोली ठरू शकते. माझ्या कादंबरीत मी तसेच केले आहे. वाचकाला सुरुवातीला कान फिरवावा लागतो. फिरवू द्यावा.

नकाशाबाबतही असेच. अशा कादंबरीच्या पहिल्या पानावर नकाशा देण्याची प्रथा आहे. आपल्या गावाचा नकाशा तर कोणाला काढावाच लागत नाही: मध्ये देऊळ, भोवती वाडे, वेस, गावकूस, आणि पाण्याच्या उताराला आपण. कल्पित देशाची नदी काढताना तिच्या उताराला कोण राहतो, हे लेखकाने ठरवले नाही तर परंपरा ठरवते. या ठिकाणी मला माझ्या कादंबरीतली जादू सापडली. गावाच्या शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जाई. ज्याला गावात जागा नव्हती त्यालाच गावाची हद्द ठाऊक होती. मर्तिकाचा सांगावा घेऊन तोच रात्री-अपरात्री शीव ओलांडत असे. मी या ज्ञानालाच शक्ती केले. माझ्या देशात जो शीव जाणतो त्याने हद्दीचा दगड उचलला तर आतले आणि बाहेरचे असे काही उरत नाही. ही शक्ती रक्तातून मिळत नाही, चालून चालून पायांना येते, आणि कोणालाही शिकवता येते. परंतु ती वापरण्याची किंमत आहे, कारण शिवेच्या कामावरच वस्तीचे वतन आणि भाकर टिकून आहे. महार वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले तेव्हा हाच पेच होता; वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. वतन सोडायला आपल्यातलेच अनेक जण तयार नव्हते. हा पेच मला कोणत्याही राक्षसाशी होणाऱ्या युद्धापेक्षा अधिक नाट्यपूर्ण वाटतो.

शेवटाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. साच्यातल्या कथा सिंहासनावर संपतात. आपली कथा कोठे संपावी? मुक्त समाजाचे चित्र आपल्याकडे नाही असे नव्हे. संत रविदासांनी बेगमपुरा नावाचे एक नगर कल्पिले: तेथे दुःख नाही, कर नाही, दुय्यम-तिय्यम कोणी नाही, आणि माणूस मनाला येईल तेथे हिंडू शकतो. ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायका'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला एका मनोऱ्याची उपमा दिली: एक एक जात म्हणजे एक एक मजला, आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. मला तर ही एका अद्भुत कादंबरीची सुरुवातच वाटते. एका थोर समाजशास्त्रज्ञाला वास्तव सांगण्यासाठी जिना नसलेली इमारत कल्पावी लागली, यावरून वास्तवाच्या किती जवळ अद्भुत आहे ते कळते. पण त्या इमारतीत जिना बांधायचा की इमारतच पाडायची, आणि पाडली तर आतली माणसे कोठे राहतील, हे कादंबरीकाराला माणसागणिक दाखवावे लागते. घोषणेला ते टाळता येते. कादंबरीला टाळता येत नाही. माझे शेवटचे प्रकरण याच ठिकाणी अडले आहे आणि ते घाईने सोडवण्याची माझी इच्छा नाही.

रसशास्त्राने विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव मानला. विस्मय वाटला, डोळे विस्फारले, हात जोडले, की रसिकाचे काम संपले. आपल्या अद्भुताने तेथे थांबून चालणार नाही. विस्मयानंतर 'हा नियम कोणी केला?' असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहिला पाहिजे. हे काम सुरू झालेले आहे. बंगालमधून आलेली दलित लेखिका मिमी मंडल इंग्रजीत अद्भुत कथा लिहिते, आणि ऑक्टेव्हिया बटलर यांच्यावरील जो ग्रंथ तिने सहसंपादित केला तो २०१८ साली ह्यूगो पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. मराठीत, जेथे जोतीरावांनी दशावतारांची झाडाझडती घेतली आणि अण्णा भाऊंनी शेषाचे ओझे उतरवले, तेथे या कामाला लेखकांची वाण नसावी. विद्यार्थी मित्रांना माझे सांगणे एवढेच की आपल्या आजीच्या तोंडच्या गोष्टी आधी वहीत उतरवून घ्या, त्यांतल्या प्रत्येक चमत्काराला जोतीरावांचा प्रश्न विचारा, आणि मग लिहायला बसा. जमीन कसणाराची असते असे आपण म्हणत आलो. अद्भुताची जमीनही कसल्याशिवाय आपल्या नावावर होणार नाही.